एकतीस मे

शाळेला आठवड्याची सुट्टी आहे
आणि ग्रिम्सबीत वारा समुद्रावरून येतोय.
मासळीचा वास उरला नाही त्याला, नुसतंच मीठ.
टेबलावर नववीच्या वह्या, एक गार झालेला चहा
आणि लॅपटॉपवर चार ओळींची चिठ्ठी,
जी मी मार्चपासून लिहितेय.

इथला नियम असा:
उन्हाळ्यात शाळा सोडायची, तर आज रात्रीच्या आत कळवायचं.
उशीर झाला की नाताळपर्यंत अडकलात.
म्हणून मे महिना लागला की स्टाफरूममध्ये
सगळे एकमेकांकडे न बघता चहा करतात.
छत गळतं तिथे सप्टेंबरपासून बादली आहे.
कुणीतरी तिच्यावर मार्करने लिहिलंय, 'कायमस्वरूपी'.
विज्ञान विभागात तेवढी एकच.

मी सकाळी साडेआठनंतर पाणी पीत नाही.
पाचवा तास संपेपर्यंत जायला मिळत नाही,
वर्ग सोडून जायचं कुणाच्या भरवशावर?
तिसऱ्यांदा इन्फेक्शन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला,
भरपूर पाणी पीत जा.
मी हसले. तोही हसला.
त्याला वाटलं, बाई समजूतदार आहे.

फेब्रुवारीत आमच्यासाठी एक सत्र झालं,
'स्वतःची काळजी घ्या'. साडेचार ते सहा, हजेरी सक्तीची.
दोन बायकांनी येऊन आमची शाळा घेतली,
श्वास कसा घ्यायचा याची.
जाताना प्रत्येकाला एक मऊ चेंडू, दाबायला.
माझा दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांनी
खिडकीबाहेर टाकला. बरं झालं.

मॉरीन थॅक्रे बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून गेली.
तिच्या जागी आलेला तरुण ऑक्टोबरात गेला,
कोट खुंटीवर तसाच ठेवून.
त्यानंतर आलेल्या बाईंचं नाव मला आठवत नाही,
आणि हे लिहिताना लाज वाटते.
निरोपाच्या कार्डावर काय लिहायचं, ते मला आता पाठ आहे.

एप्रिलमध्ये मॉरीन भेटली, क्लीथॉर्प्सच्या नर्सरीत,
टोमॅटोच्या रोपांमागे हिरवा एप्रन घालून.
पगार निम्मा, म्हणाली. गुडघे दुखतात.
मी विचारलं, मग?
ती म्हणाली, तहान लागली की पाणी पिते.

आमच्याकडे म्हणतात, पाट्या टाकणे.
लहानपणी वाटायचं, शिक्षकांवरूनच आला असेल हा शब्द.
परवा दुपारी मी कुणाच्या तरी जुन्या स्लाइड्स लावल्या,
खाली त्या माणसाचं नाव तसंच होतं,
आणि मी तेवीस मिनिटं बोलत राहिले, स्वतःला न ऐकता.
पोरं शांत होती. हेच जास्त लागलं.

वह्या तपासतेय.
कीरन ऑल्डरसनच्या शेवटच्या पानावर एक यादी आहे.
'विज्ञानाचे सर-मॅडम', खाली रेघ.
चार नावं पेनाने, चारही खोडलेली,
एकापुढे छोटा कोट काढलेला.
पाचवं नाव माझं, पेन्सिलीने.
सगळे मला 'मिस के' म्हणतात,
यानं किंजवडेकर अख्खं लिहिलंय, एक डी जास्त घालून.

पेन्सिलीचा अर्थ लावायला बसले, मग आठवलं:
पेन त्याच्याकडे कधीच नसतं.
दर सोमवारी पेन्सिल मीच देते
आणि शुक्रवारी ती परत येत नाही.

सवयीने हिरव्या शाईने त्या जास्तीच्या डीभोवती गोल केला.
मग तो गोल बघत बसले.

अकरा वाजून वीस मिनिटं.
अजून एकोणीस वह्या.
एकीला तीन मिनिटं धरली तरी सत्तावन्न,
आणि बाराला उरलीत चाळीस.
आधी वह्या की आधी चिठ्ठी,
कुठूनही मांडलं तरी
हे गणित बसत नाही.

उठले. नळ सोडला.
दोन ग्लास पाणी प्यायले, उभ्यानेच.
मग पुढची वही ओढली. एमिलिया नोवाक, नववी ब.
तिचं अक्षर बारीक आहे. वेळ लागेल.